चुकांची वाटणी

गुणवत्ता हा शब्द कझाकस्तानातल्या आमच्या करागंदात आम्ही आधी एकदाच ऐकला होता. त्यानंतर काचेचा कारखाना बंद पडला. त्यामुळे आमचे मालक ओराज-आगा (‘आगा’ आम्ही वडीलधाऱ्यांना म्हणतो) यांनी भिंतीवर पांढरा फळा लावून ‘आजपासून गुणवत्ता’ असं जाहीर केलं, तेव्हा मी टेबलाचा खण आवरायला घेतला.

आमची कंपनी औषधदुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माणसं मोजकी, खोल्या दोन. नवा नियम साधा होता. चूक सापडली की ती चिठ्ठीवर लिहायची, ज्याची असेल त्याच्या नावाने फळ्यावर लावायची आणि दुरुस्त झाल्याशिवाय काम गिऱ्हाइकाकडे पाठवायचं नाही.

“ही हकालपट्टीची तयारी आहे,” दुइसेन-आगा माझ्या कानाशी म्हणाले. ते आमच्यातले सर्वांत जुने प्रोग्रामर. “ज्याच्या चिठ्ठ्या जास्त, तो घरी.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी सांगत नाहीये ना, म्हणूनच!”

फळा कोरा राहिला. चुका शोधणं हे रौशानचं काम. ती शोधायचीही, पण आम्ही चहाच्या वेळी त्या तिच्याकडून तोंडी ऐकून घ्यायचो आणि गुपचूप मिटवायचो, किंवा नुसत्याच ऐकून घ्यायचो. वयाने मोठ्या माणसाची चूक भिंतीवर टांगायला आमच्याकडे कुणाचा हात धजत नाही.

महिनाअखेरीला ओराज-आगा कोऱ्या फळ्यासमोर येऊन उभे राहिले.

“काय गं रौशान, चुकाच नाहीत, तर तुला ठेवून करू काय? शुक्रवारपर्यंत सांग.”

रौशानचा नवरा खाणीतून छाती खराब करून परतलेला. घर तिच्या पगारावर चालायचं. आम्हाला वाईट वाटलं. त्याहून जास्त भीती वाटली, की आता ही आमची नावं लावणार. दिवसभर सगळे तिला चॉकलेटं देत होते. मी जरा जास्तच दिली. माझ्या चुका मला माहीत होत्या.

शुक्रवारी सकाळी फळा भरला होता, पण भलत्याच पद्धतीने. मेजवानीत मेंढीचं मांस वय आणि मान बघून वाढतात, तशा तिने चुका वाढल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक हाड काढलेलं. मानाच्या उतरत्या क्रमाने कमरेचं हाड, मांडीचं हाड, नळी, धाकट्यांना बरगड्या. सर्वांत वर मेंढीचं डोकं, आणि त्याखाली नावच नाही.

दुइसेन-आगा चष्मा लावून पुढे झाले.

“मला नळी? आणि येर्मेकला कमरेचं हाड? अगं, तो शाळेत माझ्या एक वर्ग मागे होता!”

“आगा, तुमची चूकच लहान सापडली,” रौशान नम्रपणे म्हणाली.

“लहान? दोन गोदामांनी एकदम साठा मोजला की काय होतं ते पाहिलंस का कधी? वर्षानुवर्षं लपवून ठेवलंय मी ते!”

मग येर्मेक, त्यांच्याहून धाकटा प्रोग्रामर, उठला. “म्हणजे माझं हाड काढून घेणार? मग माझंही ऐका.” आणि त्याने जे सांगितलं ते ऐकून दुइसेन-आगाही खाली बसले. दुपारपर्यंत जो तो उठून आपली चूक किती थोर आहे ते पटवून देत होता. यात काहीतरी डाव आहे हे मला कळत होतं, तरी मीही उठलो. माझ्या वयाला बरगडी शोभत नाही.

तेवढ्यात ओराज-आगा आले. “आणि हे डोकं कुणाचं?”

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. सॉफ्टवेअरचा सर्वांत जुना भाग ओराज-आगांनी स्वतः लिहिलेला. तो उघडायची कुणाला परवानगी नव्हती.

“डोकं सर्वांत मानाच्या माणसाचं,” रौशान म्हणाली. “वर्ष बदललं की मुदत संपलेली औषधंही चालू दिसतात, ती चूक.”

ओराज-आगांची मान लाल झाली. समोर आलेलं डोकं नाकारणं म्हणजे असभ्यपणा, घेणं म्हणजे कबुली. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

“माझे वडील हयात आहेत! बाप असताना डोक्याला सुरी लावत नाहीत, एवढंही घरी शिकवलं नाही तुला?”

“चुकलंच माझं, आगा. मग तुमच्यानंतर मोठे कोण?”

दुइसेन-आगा कोटाची बटणं लावत उठलेच होते. त्यांचे वडील जाऊन जमाना झाला. “आणा इकडे,” ते म्हणाले. आता डोकं ज्याच्या पुढ्यात, कापायचा हक्क त्याचा. ओराज-आगांना सगळ्यांदेखत त्या जुन्या भागाचा पासवर्ड द्यावा लागला.

नंतर त्यांनी रौशानला दाराशी गाठलं. मी किटलीपाशी होतो, मुद्दामच.

“माझे वडील हयात आहेत आणि मी डोकं घेणार नाही, हे तुला पक्कं माहीत होतं.”

“त्यांची औषधं माझी बहीणच पोचवते, आगा. आपलं सॉफ्टवेअर असलेल्या दुकानातून. यावेळच्या डबीची मुदत संपलेली होती.”

ओराज-आगांनी भिंतीला हात टेकला. “घेतली त्यांनी?”

“नाही. तिने डबी वाचली आणि परत आणली.”

मग ओराज-आगा म्हणाले, “सोमवारी येशील ना?”

ओराज-आगांनी कुणाला येशील का म्हणून विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी ते सांगतात. रौशान “हो” म्हणाली. मला मात्र या ‘गुणवत्तेत’ अजूनही काहीतरी काळंबेरं वाटतं.