साक्षीला उभा राहिलेला पत्रा

मित्रांनो, मंचरच्या बाजारपेठेत धरमचंदशेठचे हार्डवेअरचे दुकान आहे. गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलेला एक जुना ॲल्युमिनियमचा पत्रा तुम्हाला दिसेल. देवी येऊन गेल्यासारखे त्याच्या अंगावर बारीक खड्डे आहेत. तो मी. या खिळ्यावर मी दोनदा टांगला गेलो. पहिल्यांदा नालायक म्हणून. दुसऱ्यांदा का, तेच सांगतो.

कारखान्यातून मी शेठकडे आलो तेव्हा जाड, सपाट आणि आरशासारखा गुळगुळीत होतो. माझ्यासोबतचे पत्रे कोणी टेम्पोला नेले, कोणी पिठाच्या गिरणीला. मला तेजस्विनीताईंनी निवडले. अवसरी खुर्दच्या रस्त्याला, कांद्याच्या चाळीशेजारी त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. सत्त्याण्णव साल होते. गावात घरांवर टीव्हीच्या छत्र्या नुकत्याच आल्या होत्या; पण ज्या उपग्रहांमुळे चित्र दिसते, त्यांच्यावर अवकाशातला धुळीचा कण आदळला तर काय होईल, हे ताईंना शोधायचे होते.

त्यासाठी त्यांनी एक लांब नळी बसवली होती. तिच्यात हलका वायू प्रचंड दाबाने कोंडायचा. तो सुटला की मोहरीएवढा मणी बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट वेगाने निघे. गावात तिला ‘बाईंची तोफ’ म्हणत. नळीच्या टोकाशी हवा काढून घेतलेली पोलादी टाकी होती. टाकीत पुढे एक पातळ पत्रा, आणि थोडे अंतर सोडून मागे मी. पुढच्याने मण्याचा चुरा करायचा, तो चुरा मी अंगावर घ्यायचा. मला भोक पडले नाही, तर उपग्रहालाही असे दुहेरी कवच चालेल. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधीच घडून जाते, कोणाला दिसत नाही. काय घडले ते माझ्या अंगावरच उमटते. म्हणून मला साक्षीपत्रा म्हणत.

बार झाला आणि चाळीवरचे पारवे उडाले. मला दुखले का? कळायच्या आत संपलेही होते. ताईंनी माझ्या पाठीवरून बोट फिरवले. पाठ अखंड होती. पण त्याच बाराने नळी चिरली होती, दुसरा बार होणे शक्य नव्हते. आता साक्ष एकट्या माझी. खड्ड्यांची खोली मोजायचे यंत्र आणायला ताई पुण्याला गेल्या.

त्या नसताना शेठ रबरी कड्या पोचवायला स्कूटरवरून आले. टेबलावर मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. आपल्या दुकानाचा माल वर्षभरात असा किडावा, हे त्यांना सोसेना. त्यांनी दुकानातून नवा कोरा पत्रा आणून ठेवला आणि मला घेऊन गेले. राखणदार भिमाजींनी तो नवा पत्रा आनंदाने पुसून ठेवला.

ताई परतल्यावर भिमाजींनी हौसेने सांगितले, “बाई, जुना पार चाळणीवाणी झाला व्हता. शेठनी बदलून दिला, फुकाट.”

ताईंनी नवा पत्रा उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाल्या, “काका, तोच तर हवा होता.” आणि कांद्याचा टेम्पो थांबवून त्या मंचरला निघाल्या.

इकडे मला खिळ्याला टांगले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला शेठ मला दाखवत आणि म्हणत, असा माल पुन्हा घेणार नाही. कारखान्याचा माणूस मला परत न्यायला आला होता, पण आमचा माल असा निघतच नाही म्हणून तो हुज्जत घालत बसला. त्या हुज्जतीने मला वाचवले. कागदात गुंडाळून त्याच्या काखेत गेलो, तेवढ्यात ताई दुकानाची पायरी चढल्या.

“शेठ, माझा पत्रा द्या.”

“नवा दिलाय की, ताई. त्याला बी काई झालं का?”

“त्याला काहीच झालेलं नाही. म्हणून तर तो नको.”

ताईंनी कागद सोडला आणि मला उजेडात धरून सगळे समजावले. हे खड्डे त्यांनीच पाडले होते. एकही आरपार गेला नव्हता. कारखान्याचा माणूस मिशीत हसला. शेठ बराच वेळ माझी पाठ चाचपत राहिले.

“म्हंजी मार खाल्ला, पण पल्याड जाऊ न्हाई दिला,” ते हळूच म्हणाले.

माझे खड्डे मोजले गेले. ताईंचे कवच खरे ठरले. पुढे कित्येक वर्षे नवे विद्यार्थी मला हातात घेऊन शिकले. मग खड्डे संगणकाच्या पडद्यावर दिसू लागले आणि मी कपाटामागे गेलो. प्रयोगशाळा पुण्याला हलली, तेव्हा शेठ स्वतः येऊन म्हणाले, “ताई, आमचा माल आमाला द्या.”

आता मी त्याच खिळ्यावर आहे. फुटका पत्रा कशाला टांगलाय, असे गिऱ्हाईक विचारते. शेठ सांगतात, याच्यावर तारा पडला होता. माझी साक्ष खड्ड्यांपुरती, शेठच्या गप्पांची जबाबदारी माझी नाही.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर वण दिसले तर ती बदलण्याआधी एकदा विचारा, हे कशाने झाले? रोज सकाळी दुकान उघडले की शेठ मऊ फडक्याने माझी धूळ टिपतात. खड्डे पुसट होतील म्हणून घासत मात्र नाहीत. तुम्हीही तेवढेच करा.