डब्याला झोप नसते

नामक्कलच्या आमच्या शेडमधून अंड्यांची लॉरी निघते तेव्हा चाकाखाली लिंबं ठेवतात. त्या दिवशी ती मालकानं, पळनियप्पननं, स्वतः ठेवली.

चेल्लमुत्तु ड्रायव्हर त्याच्या बहिणीचा नवरा. मी त्याच गाडीवर जोडीला. चेल्लमुत्तुची पोर तमिळरसी मामाच्याच घरात सून म्हणून जायची, तशी रीत. तिनं परजातीचा पंक्चरवाला धरला आणि पळाली. बापानं डोकं भादरून जित्या पोरीचं तेरावं घातलं. आणि कर्नाटकात शिरा गावाकडच्या खेपेला दर वेळी त्या पंक्चरच्या टपरीमागे गाडी लावून तिच्या हातचं जेवू लागला. कुणाला सुगावा नको म्हणून पोरीचा नंबरसुद्धा ठेवला नव्हता.

"दाजी," लिंबू सरकवत पळनियप्पन म्हणाला, "शिऱ्यापुढं आपली गाडी दर खेपेला एकाच जागी का झोपते हो?"

"तिथली इडली बरी असते."

"इडली! मग किल्ली काढून कशाला खाता? किल्ली काढली की जीपीएसचा डबापण झोपला, असं वाटलं व्हय? त्याला सोताची बॅटरी आहे, दाजी." फोनवरचा लाल ठिपका दाखवून तो हसला. "असू द्या. या खेपेला विजयवाडा."

वेल्लोरला चहाला थांबलो. चेल्लमुत्तु पेला तसाच ठेवून म्हणाला, "मालकाची जीप शेडात होती का रे?"

"पहाटेच गडी भरून गेली की."

त्यानं गाडी फिरवली, मागं कृष्णगिरीच्या दिशेनं, शिऱ्याच्या रस्त्याला. थोडं गेलो आणि इंजिन मेलं. फोन वाजला.

"दाजी, उलटे कुठं निघालात? बसा सावलीला. गाडी हितनं फोनवरनं बंद केलीय मी. तिकडचं काम उरकलं की सोडतो."

"पळनी, तुझ्या पाया पडतो. लेकरू आहे तुझ्या बहिणीचं."

"तिचं तेरावं तुम्हीच घातलंत. आम्ही जेवलो त्याला."

फोन बंद. कुणीतरी थांबून न्यावं म्हणून चेल्लमुत्तु रस्त्यात आडवा झाला. गाड्या शिव्या घालत बाजूनं गेल्या. मी पोलिसांना फोन लावला. पलीकडून विचारलं, "घडलंय काय?" अजून काहीच घडलं नव्हतं.

तो केबिनमध्ये चढून किल्ली फिरवत राहिला. फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा. मागं उन्हानं अंडी तापत होती.

ऊन कलल्यावर पहिल्या फटक्यात इंजिन लागलं.

चेल्लमुत्तुनं किल्लीवरचा हात काढला. मग स्टेअरिंगवर डोकं ठेवून त्यानं जी किंकाळी फोडली, ती हॉर्नच्या आवाजात बुडून गेली.