निघताना म्हणायचं इंग्रजी

माझं इंग्रजी चुकतं, हे मला कुणी सांगायची गरज नाय. मी मखमलाबादची साधना. झेंडू आणि शेवंती लावते, पंचवटीत बसून विकते. मोठ्या हॉटेलांना फुलं लागतात आणि तिथले साहेब मराठी बोलत नाहीत, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला. 'मायसेल्फ साधना' म्हणते, चिल्ड्रनला चिल्ड्रन्स म्हणते. सर सुधारतात, मी परत चुकते. त्यात लाजायचं काय? जो बोलतो तो चुकतो.

पण क्लासच्या रोहित सरांनी जे केलं ते वेगळं. एक दिवस त्यांनी सगळ्यांना एकेक करून पाहुणा बनवलं. यायचं, बसायचं, चहा घ्यायचा, निघायचं, सगळं इंग्रजीत. माझं झकास झालं. उठताना हात जोडले, म्हणाले, "ओके सर, आय ॲम कमिंग," आणि सरळ दाराबाहेर पडले. वर्ग हसला, मीपण हसले. मला वाटलं, नाटक जमलं. सर मोबाईलवर घेतायत हे कुणाला ठाऊक? दुसऱ्या दिवशी त्याची रील. वर लिहिलेलं, तुम्हीही असंच बोलता का, आजच प्रवेश घ्या.

बाजारात मग काय, चिडवणाऱ्यांचा सुकाळच झाला. मी टोपली उचलली की रिक्षावाले ओरडायचे, मावशी कमिंग का? त्यांचं मी मनावर घेतलं नाय. तोंड चालवणाऱ्याला तोंडानंच गप करता येतं आणि माझं तोंड काय कमी नाय.

लागलं ते घरात. माझी पोरगी साई कॉलेजात दुसऱ्या वर्षाला हाय. कुणीतरी रील तिच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तिनं कॉलेजला जायचं बंद केलं. दिवसभर पांघरूण घेऊन पडायची, ताट वाढलं तर भूक नाय म्हणायची. एकदा भिंतीकडं तोंड करून म्हणाली, परीक्षेलापण नाही जाणार. ज्या शिक्षणासाठी मी उन्हातान्हात फुलं तोडली, ते माझ्याच पायी सुटायला लागलं होतं.

मला न सांगता ती सरांकडं जाऊन आली. सर लय गोड बोलले म्हणे. रील काढतो, पण आईनं कॅमेऱ्यासमोर बसून सांगायचं, आधी मी चुकीचं बोलायची, क्लासनं मला सुधारलं. आणि निघताना 'आय ॲम गोइंग' म्हणून दाखवायचं. साईनं माझा हात धरला, म्हणाली, एक वाक्य आहे गं, बोलून टाक. मी म्हणाले, चल. पोरीसाठी आई काय करत नाय?

क्लासात दिवे लावलेले, खुर्ची मांडलेली. सर कॅमेऱ्यामागं आणि त्यांच्या शेजारी साई, स्वतःचा मोबाईल धरून. तिला ते ग्रुपवर टाकून सगळ्यांची तोंडं बंद करायची होती. पहिलं वाक्य मी म्हणाले, "बिफोर आय स्पीक राँग." मग उठले, हात जोडले आणि जीभ अडली. पाठ होतं हो. पण आमच्या घरात उंबऱ्यावरून कुणी 'जाते' म्हणत नाय. माझी सासू ऑपरेशनला निघाली तेव्हापण 'येते गं' म्हणूनच निघाली.

मी परत खुर्चीत बसले. म्हणाले, "सर, गोइंग मला येतं. पण मी म्हणणार नाय. निघताना येते म्हणायचं, म्हणजे मागं राहिलेल्याला धीर राहतो. तुमच्या आईनंपण तुम्हाला उंबऱ्यावर कधी जातो म्हणू दिलं नसेल. माझं इंग्रजी चुकलं असेल, मी काय गुन्हा केला नाय. माफी मागणार नाय. रील ठेवायची तर खुशाल ठेवा, फक्त खाली माझं नाव आणि मोबाईल नंबर टाका. फुलांची ऑर्डर तरी येईल."

सरांनी कॅमेरा बंद केला. म्हणाले, मग रील राहणार. मी म्हणाले, राहू द्या.

जिना उतरले आणि सगळा तोरा गळाला. साई स्कूटीवर मागं बसली, पण नेहमीसारखं मला धरलं नाय. मला वाटलं, झालं, माझ्या हट्टापायी पोरीचं वर्ष गेलं. रडूच आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी आल्यावर ती पायरीवर मोबाईल घेऊन बसली ती बसलीच. मग आत येऊन माझ्यासमोर धरला. सरांना मी जे सुनावलं ते तिनं सगळं घेतलं होतं आणि स्वतःच्या अकाउंटवर टाकलं होतं, जिथं तिचं अख्खं कॉलेज बघतं. वर लिहिलेलं, 'ही साधना. माझी आई. हसायचं असेल तर उद्या वर्गात माझ्यासमोर हसा.'

"अगं, मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"तू सरांना विचारून बोललीस का?" ती म्हणाली. मग कपाटातून कॉलेजचे कपडे काढून इस्त्रीला घेतले. "आई, सकाळी लवकर उठव. पहिलं लेक्चर सातचं आहे."