लिफ्टवाल्यांचा चेहरा

"त्यांना बाहेर बोलवा! बायकोला पुढे करून लपू नका म्हणावं!"

जिन्यातला तो माणूस एवढ्या मोठ्यानं ओरडला की समोरच्या बिऱ्हाडाचं दार किलकिलं झालं. सिस्टर नुकत्याच रात्रपाळी करून आल्या होत्या. अंगावरचा गणवेश उतरला नव्हता आणि पाय असे भरून आले होते की चपला काढायचाही कंटाळा. त्यात हा तिसरा. असेच दोघे आधी येऊन गेले होते.

"कोणाला बोलवू?" उत्तर ठाऊक असूनही त्यांनी विचारलं.

त्यानं मोबाइल पुढे केला. पडद्यावर त्यांच्या नवऱ्याचं ओळखपत्र होतं. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि कॉलर नीटनेटकी करून काढलेला फोटो.

"हेच ना तुमचे मालक? स्कूटर देतो म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि फोन बंद! मी शिंपी माणूस आहे, बाई. पोरीला कामावर जायला गाडी हवी होती, म्हणून पोटाला चिमटा घेऊन साठवले होते. आणि तुम्ही साळसूदपणे विचारता, कोणाला बोलवू!"

"ते जाऊन वर्ष होत आलं," सिस्टर म्हणाल्या. "लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरच गेले. आत या, बसा."

शिंप्याचा आवेश ओसरला. तो चपला काढून आत आला.

स्कूटर खरी होती. लिफ्टवाले गेल्यावर ती खाली धूळ खात पडली, म्हणून मुलीनं ती विकायची जाहिरात मोबाइलवर टाकली. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाचा साखर घोळलेल्या आवाजात फोन आला, "ताई, गाडी चोरीची नाही ना, एवढीच खात्री हवी. मालकांच्या ओळखपत्राचा फोटो पाठवता?" दुसरी एखादी कचरली असती. पण सिस्टरांचा जन्म वॉर्डात गेला होता. तिथे सुई टोचण्याआधी नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, मनगटावरची पट्टी बघायची. ओळख पटल्याशिवाय हात लावायचा नाही. ओळख विचारणारा माणूस जबाबदारच असणार, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलं होतं. शिवाय मेलेल्या माणसाच्या कार्डाचं कोण काय लोणचं घालणार? त्यांनी दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही.

पहिला माणूस दारात येऊन भांडून गेला, तेव्हा मुलगी कपाळाला हात लावून बसली.

"आई, गाडी विकायला कार्ड पाठवतात का गं कोणाला? समोरासमोर भेटल्यावर गाडीचे कागद दाखवायचे. आणि पाठवायचंच तर नंबर झाकायचा, कोणासाठी, कशासाठी ते फोटोवरच आडवं लिहायचं. तू तर बाबांनाच उचलून त्याच्या हातात दिलंस!"

बोलून गेली आणि मग तीच रडली. सिस्टर रडल्या नाहीत, त्यांना पाळीवर जायचं होतं. पोलिसांत तक्रार दिली. पण हातून सुटलेला फोटो कोणाच्या मोबाइलवर आहे आणि कोणाच्या नाही, ते पोलिसांनाही सांगता येईना.

शिंप्यानं पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"मीही काही कच्चा नाही हो," तो खाली बघत म्हणाला. "फोनवरच्या त्या गाडी विकणाऱ्याला म्हटलं, आधी ओळखपत्र पाठव, मग पैसे. त्यानं लगेच पाठवलं. आणि हा चेहरा बघितला ना, वाटलं, हा माणूस कोणाला बुडवायचा नाही."

"नव्हतेच बुडवत," सिस्टर म्हणाल्या. "लिफ्टमध्ये कोणाचं पाकीट सापडलं तर मजले चढून घरोघर विचारत फिरायचे. त्याच चेहऱ्यावर आता लोक फसताहेत. मेल्यावर त्यांना चोर म्हणवून घ्यावं लागतंय, आणि तेही माझ्यामुळे. थांबा, तुमची तक्रार द्यायला मी येते बरोबर."

"तुम्ही झोपा आता. डोळे बघा कसे झालेत. मी देतो तक्रार. हे गृहस्थ हयात नाहीत, हे आधी सांगतो."

शिंपी उठला. उंबऱ्याबाहेर गेला, घुटमळला आणि समोरच्या किलकिल्या दाराकडे वळला.

"मघाशी बोललो ते चुकलं माझं," तो तेवढ्याच मोठ्यानं म्हणाला. "हे तसे गृहस्थ नव्हते."

दार हळूच लागलं. शिंपी जिना उतरून गेला.

सिस्टर दारातच उभ्या राहिल्या. या एकाला तरी पटलं होतं. जे इथवर येणारच नव्हते, आपापल्या घरी बसून त्या फोटोला शिव्या घालणार होते, त्यांच्या जिन्यात जाऊन हे कोण सांगणार होतं?