कृपया हात लावू नये

अप्पांची जुनी गाडी म्हणजे त्यांची लाडकी लेक. तिचा एसी आतला उकाडा ओळखून आपणहून गार हवा सोडायचा, पण यंदा तो ढिम्म हलेना. अप्पांनी गॅस भरला, पंखा बदलला, मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मेकॅनिक म्हणाला, "उकाडा ओळखायला त्याला डॅशबोर्डवरच्या छोट्या जाळीतून हवा लागते. ती जाळी कुठाय?"

जाळीवर अप्पांनीच चिकटवलेला कागद होता: 'कृपया हात लावू नये.' कृपया हा शब्द अप्पा फक्त लिहिताना वापरत.

मागच्या सीटवर घाम पुसत बसलेली बायको म्हणाली, "बघा, हवेनंसुद्धा हात लावला नाही. तुमचं ऐकणारं कुणीतरी भेटलं एकदाचं."