माझ्यातली चौदावी ओळ

मी एक जुना सोडतीचा प्रोग्रॅम आहे. अशा गोष्टीत 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो, मित्रांनो. बाकी तुमच्याशी मैत्री करावी असं तुम्ही माझं काही भलं केलेलं नाही.

मला बाजार कार्यालयातल्या कॉम्प्युटरवाल्या ताईंनी एका दुपारी लिहिलं, तेरा ओळींत. माझं काम शेंबडं पोरही सांगेल. एक ते नव्वदमधले बारा आकडे काढायचे आणि निघालेला आकडा पुन्हा घ्यायचा नाही, बस्स. ताईंनी मला दोनशे वेळा चालवून पाहिलं आणि साहेबांना सांगितलं की याच्यात खोट नाही. आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच.

नव्या मंडईत गाळे होते बारा आणि अर्ज नव्वद. त्यांत एकतीस नंबर काजंबटणं करणाऱ्या मावशींचा. अठरा वर्षं त्या एका इमारतीच्या जिन्याखाली बसत होत्या, आणि आता मालकाने महिनाअखेर जागा खाली करायला सांगितली होती. गाळा मिळाला तर धंदा, नाहीतर सुईदोरा गुंडाळून सुनेच्या दारात. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या चावीवाल्याचा नंबर तीस आणि त्याच्या मेहुणीचा बत्तीस, कारण तिघंही अर्ज द्यायला पाठोपाठ उभी होती.

सोडतीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. मी पहिले तीन आकडे काढले: बत्तीस, तीस, एकतीस.

झालं! उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. लागोपाठचे आकडे येतीलच कसे, म्हणे. अरे, का येऊ नयेत? रांगेत कुणामागे कोण होतं ते मला काय ठाऊक? पण अर्जदारांतला एक फळवाला खुर्चीवर चढला, कुणीतरी पडद्यावर चप्पल भिरकावली, आणि साहेबांना घाम फुटला. आकडे असेही येतात, हे ताई परोपरीने समजावत होत्या. ऐकतंय कोण!

"खरंखोटं राहू द्या," साहेब म्हणाले. "लोकांना खरं वाटेल असं काढा."

मग तिथेच, सगळ्यांदेखत, ताईंनी माझ्यात चौदावी ओळ घातली. निघालेल्या आकड्याच्या शेजारचा आकडा आला तर तो गुपचूप टाकून द्यायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

आधीचे तीन आकडे रद्द करून पुन्हा सोडत झाली. अकरा आकडे निघाले, त्यांत तीस होता. चावीवाल्याला गाळा मिळाला. मग बारावा आकडा मी काढला तो एकतीसच होता, शपथेवर सांगतो. चौदाव्या ओळीने तो तिथल्या तिथे फेकला आणि अडुसष्ट पुढे केला. अडुसष्टवाला सभागृहात आलासुद्धा नव्हता. मोठ्या पडद्यावर लोकांना फक्त अडुसष्ट दिसला. 'एकतीस टाकला' ही बारीक अक्षरं ताईंच्या समोर उमटली आणि त्यांनी ती वाचली. इकडे टाळ्या पडल्या. आता कसे आकडे मिसळलेले वाटतात, असं फळवालाच म्हणाला.

मावशी टेबलापाशी आल्या. "पोरी, माझा नंबर पुन्हा नाहीच का गं आला?"

ताईंनी स्क्रीन बंद केला. "नाही, मावशी. नशीब."

नशीब? नशिबाने बाईला दोनदा हाक मारली होती! मला तोंड असतं तर त्या दिवशी मी अख्खं सभागृह डोक्यावर घेतलं असतं. पुढच्या सोडतीत मावशींचा अर्ज नव्हता.

नऊ वर्षं झाली. ताई बदली घेऊन गेल्या. मी कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पडलेला असतो, आणि वर्षातून एकदा कसल्यातरी सोडतीला माझी आठवण होते. रांगेत पाठोपाठ उभ्या राहिलेल्या दोन सख्ख्या बहिणींपैकी दोघींनाही एकाच सोडतीत मी कधीच काही देऊ शकत नाही. तुम्ही मात्र खूश. मला निःपक्षपाती म्हणता. लाज वाटते मला त्या शब्दाची.

तर मित्रांनो, मोठेपणी या कार्यालयात नोकरीला लागलात तर माझी धूळ पुसत बसू नका. ती चौदावी ओळ पुसा. आणि पुन्हा कधी तीन आकडे लागोपाठ आले, तर ओरडायच्या आधी त्या तिघांच्या तोंडाकडे एकदा बघा.