काचेवरची ऱ्हस्व वेलांटी

सकाळी आठलाच मुलींच्या शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. धामणगाव बढ्याहून दोन टेम्पो आले होते, वडनेर भोलजीहून एक. मोटरसायकलींची रांग फाटकाबाहेर गेली होती. आत जागा मिळाली नाही ते खिडक्यांच्या गजांना लटकले होते. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या, शाळेच्या संस्थापक सत्यभामाबाईंच्या फोटोकडे. बाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि सोमवारी त्या बोलल्या होत्या!

म्हणजे काचेवर लिहून बोलल्या होत्या. वाणीनाथ महाराजांनी फोटोपुढे तुळशीच्या उकळत्या पाण्याचं पातेलं धरलं, मंत्र म्हटले, आणि काचेवर आपोआप अक्षरं उमटली. बाईंचे भाचे आणि ट्रस्टचे अध्यक्ष हिंमतराव तिथंच ढसाढसा रडले. त्यांच्या मोबाईलवरचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत तालुकाभर फिरला. अक्षरं धूसर होती, पण अर्थ सांगायला महाराज होतेच. मुलींनी घरी जावं आणि या जागेवर महाराजांचा मठ व्हावा, अशी म्हणे बाईंची इच्छा होती. आज बाई पुन्हा बोलणार होत्या, आणि पालक मुलींना न्यायच्या तयारीनंच आले होते.

नववीतली अर्पिता तिसऱ्या रांगेत बसली होती आणि जीभ चावून हसू दाबत होती. हसू हा तिचा जुना आजार. सगळे गप्प झाले की तिला हटकून उकळी फुटायची. खरं तर आज हसण्यासारखं काही नव्हतं. तिची पत्र्याची पेटी तिच्या वडिलांनी, रंगरावांनी, केव्हाच टेम्पोत चढवली होती. एकदा वडनेरला गेलं की शाळा संपली. मग भाजीचा मळा, आणि आत्यानं बघून ठेवलेलं स्थळ. शेजारी तिची मैत्रीण महनूर तिचा हात घट्ट धरून बसली होती. महनूरला न्यायला तिची आजी नूरबीही रोहिणखेडहून निघाल्याचा फोन येऊन गेला होता.

ही शाळा सरकारची नव्हे, कुठल्या बड्या संस्थेचीही नव्हे. साठ वर्षांपूर्वी सत्यभामाबाईंनी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सात मुली घेऊन ती सुरू केली. गावोगाव हिंडताना कुणी मदत म्हणून ज्वारीचं पोतं पुढं केलं, तर बाई म्हणायच्या, "पोतं राहू द्या, पोरगी द्या." स्वभावानं प्रेमळ, पण शुद्धलेखनाच्या बाबतीत वाघीण. वसतिगृहातून घरी जाणारी पत्रं त्या तपासायच्याच, घरून आलेलीही सोडायच्या नाहीत.

"भक्तहो!" महाराजांनी हात वर केले. "आत्मा म्हणजे सिमकार्ड, देह म्हणजे मोबाईल. मोबाईल फुटला तरी सिम चालू! फक्त रेंज पाहिजे. आणि रेंज कोण?"

"महाराज!" गर्दी गरजली.

आदल्या संध्याकाळी महाराजांनी हॉलचं दार लावून तासभर एकट्यानं 'काचशुद्धी' केली होती. आता पातेलं आलं. डिसेंबरची थंडी, काच गारठलेली. वाफ वर चढली, काच पांढुरकी झाली, आणि त्या पांढऱ्यावर ठसठशीत अक्षरं उघडली:

मुलिंनो, घरि जा

हॉलभर हात जोडले गेले. कुणी हुंदका दिला. आणि त्या शांततेत अर्पिताच्या तोंडून जे फुटलं त्याला हसू म्हणणं कमीच. कुकरची शिट्टीच ती!

"कोण हसलं?" महाराज कडाडले.

"काऊन हसून राह्यली वं?" मागून रंगराव ओरडले. "लाज आहे का तुले?"

अर्पिता उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पोटात कळ. "बाबा, 'मुलिंनो' ऱ्हस्व लिवलं! 'घरि'पण ऱ्हस्व! तीन शब्दांत दोन चुका! बाई असं लिहितीन का?"

"मूर्ख मुली! आत्म्याला व्याकरण नसतं!" महाराज म्हणाले.

पण रंगरावांचे जोडलेले हात सुटले होते. ते काचेकडे बघतच राहिले. "थांबा महाराज. माही मोठी बहीण इथंच शिकली. माह्या बापानं तिले पत्र धाडलं, तं बाईनं ते लाल पेन्सिलीनं रंगवून वापस पाठवलं. खाली लिहिलं, 'रोज दहा ओळी लिहून काढा.' बाप मरेपर्यंत बाईले भेत होता. ही बाई 'घरि' लिहीन? नाई, नाई!"

"आमच्या मामाचंबी पत्र वापस आल्तं!" खिडकीतून कुणीतरी म्हणालं. गर्दीत खसखस पिकली.

एवढ्यात महनूर अर्पिताचा हात सोडून धावत बाहेर गेली आणि न्हाणीघरातला आरसा काखेत आणि ओला साबण हातात घेऊन परतली. विज्ञानाच्या रुपाली मॅडमकडे बघून तिनं विचारलं, "मॅडम, करून दाखवू? मारसान नाई ना?"

"दाखव," मॅडम म्हणाल्या.

महनूरनं ओल्या साबणावर बोट घासलं आणि आरशावर काहीतरी लिहिलं. ते वाळू दिलं, ओढणीच्या टोकानं हलकंसं पुसलं. आरसा कोरा दिसू लागला. मग तिनं तो महाराजांच्याच पातेल्यावर धरला. वाफ चढली, अक्षरं उघडली:

महाराज, घरी जा

"दीर्घ!" अर्पिता किंचाळली, आणि अख्खा हॉल हसण्यात बुडाला. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या.

"रोज सकाळी आम्ही असंच लिहितो," महनूर म्हणाली. "काल मीनं 'अर्पिता येडी' लिवलं होतं."

रुपाली मॅडम पुढं आल्या. "गार काचेवर वाफ बसली की पाण्याचे बारीक थेंब होतात, म्हणून काच पांढरी दिसते. साबण लागलेल्या जागी थेंब धरत नाहीत, पाणी सपाट पसरतं. तेवढी जागा स्वच्छ राहते आणि अक्षर दिसतं. मंत्र म्हटला तरी दिसतं, पाढे म्हटले तरी दिसतं." त्यांनी बाईंच्या फोटोची काच धुतली, कोरडी केली. "आता बोलवा बाईंना."

महाराजांनी पातेलं धरलं. काच पांढरी झाली. सगळे थांबले. काच पांढरीच राहिली.

"अश्रद्धांमुळे... रेंज गेली," महाराज पुटपुटले.

"सिमच काढलं पोट्ट्यांनी!" रंगराव म्हणाले. लोकांचं हसून होईस्तोवर महाराज मागच्या दारानं निघून गेले होते. पातेलं तेवढं राहिलं.

हिंमतराव मात्र हसले नाहीत. ते खाली सतरंजीवर बसले होते. "मले वाटलं, आत्याबाई खरंच बोलली," ते हळूच म्हणाले. अर्पिताचं हसू थांबलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"काका, चूक नसती तरी ते खोटंच होतं. बाई तं घरोघरी फिरून पोरी घेऊन येत होत्या. त्या आम्हाले 'घरी जा' काऊन म्हनतीन?"

हिंमतरावांनी डोळे पुसले. ते उठून बाहेर गेले आणि टेम्पोतल्या पेटीचं एक कडं धरलं. दुसरं कडं रंगरावांनी धरलं. नूरबी फाटकात पोचली तेव्हा दोघं पेटी घेऊन वसतिगृहाकडे चालले होते.

साबण तुमच्या घरी आहे, आरसा आहे, गरम पाणीही आहे. हे पटत नसेल तर उद्या सकाळी स्वतः करून बघा. चमत्कार दाखवणारा कितीही मोठा असो, हात जोडायच्या आधी त्या काचेवरून एकदा बोट फिरवा. आणि चमत्काराच्या नावाखाली कुणी तुमच्या मुलीची शाळा सोडवू पाहत असेल, तर आधी विचारा, यात फायदा कुणाचा?